बंबाच्या टाकीतलं पाणी

हिंगोलीच्या स्टेशनावर मालगाडीच्या उघड्या वाघिणीतून लाल बंब उतरवून राहिले होते, सगळं गाव बघायला लोटलं होतं, आणि मी आमच्या ह्यांना विचारत होते, "आपल्याच गावाला काहून?"

"व्यापाऱ्यांनी बनवून घेतला."

"काहून बनवून घेतला?"

"आग इझवायला."

"मंग आग कुठं हाय?"

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जशी मीच पदराआड काडेपेटी घेऊन उभी आहे. पण मला खरोखर कळत नव्हतं. लढाईचे दिवस, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, साधा खिळा मिळवायचा तर चार दुकानं फिरावी लागत, आणि आमच्या गावाला एवढी मोठी गाडी? मी जन्माची संशयी. ज्वारी निवडताना खडा सापडला नाही तर मला बरं वाटायचं नाही. खडा आहेच, मला दिसला नाही, असंच वाटायचं.

बंब आणायला कारण तसं होतं. आमचं गाव कापसाचं. हंगामात गाड्यांची रांग लागायची आणि जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या घरांपेक्षा उंच व्हायच्या. आदल्या उन्हाळ्यात त्यातली एक पेटली. लोकांनी बादल्यांनी पाणी मारलं, पण गंजीमागं एक मजूर बाई अडकली होती. ती वाचली, तिचे हात मात्र कायमचे आखडले. त्यानंतर व्यापाऱ्यांनी पंचायत बसवून वर्गणी काढली, परदेशी लॉरीचा सांगाडा मिळवला आणि हैदराबादच्या कारखान्यात त्यावर बंब बांधून घेतला. शिंप्याकडं माप द्यावं तसं माप दिलं होतं. कापूसवाल्यांना गंजी फोडायला लांब आकडे हवे होते, माडीवाल्यांना शिडी हवी होती, कुणाला अडकलेलं माणूस खाली सोडायला झोळी हवी होती. सगळंच घातलं. पुढं पितळी घंटा, मधे पाण्याची लोखंडी टाकी, मागं पंप आणि पाणी सोडायची तोटी.

आणि तो आल्याबरोबर जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला. कापडी नळी उलगडली तेव्हा एक व्यापारी म्हणाला, ही बराबर पलीकडच्याच्या आवारापर्यंत पुरते, माझ्या नाही. पलीकडचा म्हणाला, शिडी तर ह्याच्याच माडीच्या उंचीची केली आहे. झोळी बघून बायका म्हणाल्या, ही मुडदे न्यायला. माझ्या सासूबाईंनी तर तोंडच फिरवलं. "आग लागायच्या आदी बंब आणून ठिवणं म्हंजी आगीला आवतन हाय," त्या म्हणाल्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचं आणि माझं फारसं पटायचं नाही, पण त्या दिवशी मला त्यांचं म्हणणं पटलं.

नेमका तोच बंब आमच्या गळ्यात पडला. हे जिनिंगमधे इंजिनावर होते. इंजिनाचा आवाज जरा बदलला की ह्यांना झोप येत नसे. बंब चालवायला असाच माणूस हवा म्हणून पंचांनी ह्यांना उचललं. बाजाराच्या कडेला बंबासाठी पत्र्याची शेड घातली आणि शेडमागची खोली आम्हाला राहायला दिली. आम्ही तिघं: हे, मी आणि आत्याबाई. भिंतीपलीकडं बंब. पहिले कित्येक दिवस आत्याबाई शेडकडं पाठ करूनच जेवायच्या.

टाकी भरायचं काम मिळालं एका तांड्यावरच्या माणसाला. त्याचा तांडा नरसीच्या वाटेला होता. त्याचा आजा, बाप बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले होते. रेल्वे आली, लॉऱ्या आल्या, आणि तो धंदा गेला. ह्याच्याकडं दोन बैल आणि कातड्याच्या पखाली राहिल्या होत्या. कयाधू नदीच्या डोहातून पखाली भरायच्या, बैलांवर लादून आणायच्या आणि टाकीत रिकाम्या करायच्या. शेडशेजारी मातीची चढण केली होती. बैल वर चढला की पखालीचं तोंड टाकीच्या तोंडाशी यायचं. उंच, हडकुळा माणूस, बोलायचा कमी. बैलांशी मात्र सारखं काहीतरी पुटपुटायचा. बंबात पाणी होतं तोवर त्याच्या घरात भाकरी होती, इतकं ते सरळ होतं.

बंब असा की टाकी नेहमी काठोकाठ हवी. घंटा झाली की भरत बसायला वेळ कुठला? हे रोज सकाळी टाकीत खुणेची काठी घालून बघायचे.

आणि रोज सकाळी पाणी खाली गेलेलं असायचं.

सुरुवातीला ह्यांना टाकीचाच संशय आला. प्रत्येक सांध्याला साबण चोळून झाला, चुना लावून झाला. टाकीखाली कोरडा कागद अंथरून तिथं बसून राहिले. एक थेंब पडला नाही. मग ह्यांना उन्हाचा संशय आला. मी म्हणाले, ऊन काय रात्री पडून राहिलंय व्हय? मग शेजाऱ्यांचा. उन्हाळा चढला होता, विहिरींचे तळ दिसत होते, बायका घागरी घेऊन ताटकळत होत्या, आणि इथं लोखंडाच्या पेटीत पाणी नुसतं बसून होतं. जिची नजर त्याच्यावर गेली नसेल ती बाई मला दाखवा. मी स्वतः सगळ्या शेजारणींच्या दारातले ओल्या घागरींचे डाग बघत फिरले. शेजारणी माझ्या दारातले बघत होत्या. बंबवाल्याची बायको पाणी विकते, असं एक शेजारीण म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं, तेव्हा मी आठवडाभर त्या बाईशी बोलले नाही.

पंचांनी बंबावर देखरेखीला एक माणूस ठेवला होता. हैदराबादेकडचा, पांढरी टोपी, हातात छडी. आम्ही त्याला दरोगा म्हणायचो. त्यानं एक दिवस टाकीत डोकावून पाहिलं, छडी टाकीवर वाजवली आणि सरळ पखालवाल्याला विचारलं, "पानी किधर जाता रे?"

"मला काय ठावं, साहेब? मी पुरं ओततो."

"पूरा डालता तो कम कैसे पडता?"

झालं. दरोग्याला आणि बाजाराला उत्तर सापडलं. पखाली अर्ध्याच भरतो. वाटेत पाणी विकतो. तांड्यावरचाच तो, दुसरं काय करणार? जो तो असं बोलायला लागला जसं हे त्याला आधीपासून माहीतच होतं. आणि तांड्याच्या माणसाला चोर म्हटलं की गोष्ट एकट्यावर थांबत नसे. अख्ख्या तांड्याला चावडीवर नेऊन बसवत, बायामाणसांसकट, दिवसभर. पखालवाल्याला ते ठाऊक होतं. त्यानं बैलाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "ह्याची आन. मी पाणी खाल्लं आसंल तर हा जागीच पडू द्या."

बैल उभाच राहिला. पण बैलाची साक्ष कोण धरतो?

मला मात्र पटत नव्हतं. पखाली माझ्या डोळ्यांसमोर रिकाम्या व्हायच्या. फुगलेली पखाल आणि अर्धी पखाल यातला फरक आंधळ्यालाही कळतो. मी सगळ्यांवर संशय घेते, पण जे माझ्या डोळ्यांनी बघितलं त्याच्यावर घेत नाही. मी ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, "मंग पाणी काय पाय फुटून गेलं?" पंचांनी येत्या बाजाराच्या दिवशी बैठक ठेवली. पखालवाल्याला काढायचं आणि चोरीची वर्दी द्यायची, असं जवळपास ठरल्यातच जमा होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेडमागं गोवऱ्या काढायला गेले. वैशाखाचं ऊन. बाजारभर जमिनीला भेगा. आणि शेडच्या मागच्या अंगाला, बंबाच्या तोटीच्या बराबर खाली, हिरवंगार गवत. हरळी चांगली घोट्याएवढी वाढली होती. तिथंच एक कडुनिंबाचं रोप पालवलं होतं. मी खाली बसले, मातीत बोट खुपसलं. माती आतून गार होती.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या वेळी मी गोवऱ्यांच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. माझी खात्री होती की ती शेजारीण येणार. तिला काय काय बोलायचं ते मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं.

आल्या आत्याबाई.

अंघोळ झालेली, कपाळाला अंगारा, हातात लहानशी कळशी. त्यांनी बंबाला हात जोडले. खाली वाकून मागची तोटी वळवली. पाणी धो धो करत गवतात शिरलं. त्या ते बघत उभ्या राहिल्या, तोंडानं काहीतरी म्हणत. मग तोटी बंद केली, मातीच्या चढणीवर हळूहळू चढल्या आणि कळशीतलं पाणी टाकीत ओतलं.

"आत्याबाई, काय करून राहिल्या?" मी ओरडलेच.

त्या दचकल्या नाहीत. "शिळं काढून राहिले," त्या म्हणाल्या.

शिळं म्हणजे काय, हे त्यांना विचारायचीही गरज नव्हती खरं तर. आमच्या घरात रात्रीचं पाणी सकाळी कुणी ओठाला लावत नसे. उजाडलं की माठ, घागरी, तांबे सगळं पालथं. राखेनं घासायचं आणि ताजं भरायचं. सून म्हणून आल्यापासून मी हे रोज करत होते, कंबर मोडेपर्यंत. पण बंबाचं?

"ही प्यायची टाकी न्हाई, आत्याबाई. हे आगीवर मारायचं पाणी."

"तेच तर. आग म्हंजी देव हाय. चूल पेटवताना तू हात जोडती का न्हाई? देव चिडून आला तर त्याला काय परवाचं शिळं पाणी फेकून मारायचं? आनखी चिडंल." मग जरा आवाज खाली करून म्हणाल्या, "आवतन तर देऊन बसले हे लोक. तो येनारच. निदान आपल्या घरातून त्याचा अपमान नको."

"पण जितकं सोडता तितकं वर ओतता कुठं?"

"ओतते की." त्यांनी कळशी दाखवली.

तोटीतून किती जातं आणि कळशीत किती मावतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, रोजच्या माठासारखंच आहे हे. मला हसू यायला हवं होतं. पण बाजाराचा दिवस उजाडला होता, आणि हसू आलं नाही.

मी आधी ह्यांना उठवून सांगितलं. हे खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "कुणाला बोलू नगस."

"आन् पखालवाला?"

"त्याला दुसरं काम भेटंल. बंबवाल्याच्या मायनंच बंब रिकामा केला म्हणलं तर आपल्याला ही खोली बी सोडावी लागंल."

साबण चोळणारा, कागद अंथरणारा, साऱ्या गल्लीवर संशय घेणारा हा माणूस. आता खरं समोर आलं तर त्याला ते नको होतं. मला तेव्हा जो राग आला तो सगळा अजून गेलेला नाही. मी म्हणाले, "तुमी बोलू नका. मी बोलते." ते म्हणाले, "बायकांनी पंचात जायचं नसतंय." आम्ही दोघं असं भांडत असताना आत्याबाई दारात उभ्या होत्या, ओली कळशी हातात धरून. पखालवाल्याचं काय चाललंय ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या शेडकडं पाठ करून बसायच्या तेव्हापासून आम्ही त्यांच्यासमोर बंबाचा विषयच काढत नव्हतो. मी तिथल्या तिथं सगळं सांगितलं. तांड्याला चावडीवर बसवतील तेही सांगितलं. त्यांनी कळशी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि निघाल्या.

कापूसबाजाराच्या ओट्यावर पंच बसले होते. पखालवाला खाली उन्हात उभा, बैल धरून. आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या पुरुषांपुढं उभ्या राहिल्या. "पानी मी सोडलं," त्या म्हणाल्या. "शिळं व्हतं म्हणून."

कुणीच विश्वास ठेवला नाही.

मला अजूनही याचंच नवल वाटतं. चोरीवर पुरावा नसताना विश्वास बसला. खरं तोंडावर येऊन बोललं तर संशय. एक पंच म्हणाला, म्हातारीला शिकवून आणलंय. दुसऱ्यानं ह्यांच्याकडं बघितलं, म्हणजे पखालवाला आणि बंबवाला मिळालेले आहेत तर. दरोगा हसला, "बुढ्ढी अम्मा, पानी भी कभी बासी होता?"

"तुमच्यात होत नसंल," आत्याबाई म्हणाल्या. "चला, दावते."

मी सगळ्यांना शेडमागं नेलं. गवत बघितल्यावर मात्र गडबड थांबली. एका म्हाताऱ्या पंचानं खाली वाकून हरळीत हात घातला आणि हात धोतराला पुसत म्हणाला, "व्हय, आमच्या घरी बी रातचं पाणी पालथं करतात." हळूहळू दोघं-तिघं माना डोलवायला लागले. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी आत्याबाई होतीच. ह्यांचं काम गेलं नाही, त्याचं कारण मोठेपणा नव्हे. दुसरा इंजिनवाला मिळत नव्हता.

दरोगा पखालवाल्याला म्हणाला, "ठीक है. कल से काम पे आ."

माफ कर, असं कुणी म्हणालं नाही. पखालवाल्यानं बैलाच्या पाठीवरची रिकामी पखाल नीट केली. "येतो," तो म्हणाला. "पण मी ओतताना कुणीतरी उभं राहून बगायचं. एकेक पखाल. कुणी बगत नसंल तर मी ओतणार न्हाई."

"अब क्यों? अब शक नहीं है."

"आज न्हाई, साहेब. उद्या आसंल."

दरोगा असल्या उन्हात उभा राहणार नव्हता. पंच तर नाहीच. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "मी बगते."

आणि त्या बसल्या. रोज, त्या कडुनिंबाच्या रोपाशेजारी, डोक्यावर ओला पदर घेऊन. बैल चढणीवर चढायचा, पखाल रिकामी व्हायची, मग पखालवाला ती खालून वर उचलून, पिळून त्यांच्यासमोर धरायचा. "बगितली का, माय?"

"बगितली, बाबा."

दुसरी पखाल. "बगितली का, माय?"

"बगितली."

यापेक्षा जास्त एक शब्द तो बोलत नसे. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मी एकदा त्याला म्हणाले, "आता पुरे करा, भाऊ. म्हातारं माणूस उन्हात बसून राहिलंय." तो म्हणाला, "मी बी उन्हातच व्हतो, बाई." आत्याबाई तर मलाच रागावल्या. तो पखाल पुढं करायच्या आत त्या मान हलवायच्या, पण तो तेवढ्यावर भागवत नसे. तोंडानं "बगितली" आलंच पाहिजे. रात्री त्या भाकरी कुस्करत बसायच्या, खायच्या नाहीत. "त्यो माझ्यावर काहून भरवसा ठिवंना?" असं त्या विचारायच्या, आणि मग स्वतःच, "काहून ठिवंल?"

आग आली ती भर दुपारी. जिनिंगच्या आवारात धूर दिसला, घंटा वाजली, हे बंब घेऊन सुटले. आकड्यांनी गंजी फोडली, नळीनं पाणी मारलं. बंबानं काम चोख केलं, हे मला मान्य करावंच लागतं. पण कापूस आतून धुमसतो; वरून विझला असं वाटतं आणि पुन्हा पेटतो. टाकी संपत आली. तेव्हा धुरातून पखालवाला आला. बैल आगीला बिचकतात. त्यानं एका बैलाच्या डोळ्यांवर स्वतःचं पागोटं बांधलं होतं आणि दुसऱ्याच्या कानाशी तोंड लावून बोलत त्याला ओढत होता. तिथं चढण नव्हती. माणसांनी पखाली खांद्यावर उचलून टाकीत रिकाम्या केल्या. तो पुन्हा डोहाकडं पळाला, पुन्हा आला. आत्याबाई नेहमीच्या सवयीनं तिथंही येऊन उभ्या राहिल्या होत्या, धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पखाली येत होत्या, जात होत्या. संध्याकाळी आग विझली तेव्हा सगळे काळे झाले होते, आणि कुणाचं काही गेलं नव्हतं कापसाशिवाय.

घरी आल्यावर आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या. मला वाटलं, धूर लागला. मी पाणी पुढं केलं. त्या रडत होत्या.

"आज त्यानं दावली न्हाई," त्या म्हणाल्या. "एक बी पखाल दावली न्हाई."

"आगीत कोण दाखवत बसंल, आत्याबाई? उद्या बघा, पुन्हा दाखवंल."

मी अशीच. चांगलं काही झालं की त्यातला खडा आधी शोधणार.

सकाळी त्या कडुनिंबापाशी जाऊन बसल्या. मी दारातून बघत होते. पखालवाला आला. बैलाच्या अंगावरचे केस थोडे जळले होते. त्यानं पखाल रिकामी केली आणि ती न उचलताच बैल खाली उतरवला. दुसरी रिकामी केली. ती वाळत घातली. मग आत्याबाईंसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "माय, प्यायला पाणी दे."

आत्याबाई उठल्या, आत आल्या. तांब्या पुन्हा एकदा घासला, माठातून भरला. मी बघत होते. आमच्याकडं तांड्यावरच्या माणसाला पाणी वरून ओंजळीत ओतायची रीत होती. त्यांनी तांब्या त्याच्या हातात दिला.

"ताजं हाय, बाबा," त्या म्हणाल्या. "आत्ताच भरलंय."

त्यानं तांब्यात बघितलं नाही. सगळं पाणी पिऊन टाकलं.